टूटू कापेकाचा पाय

कौनाकाकाई, मोलोकाई
८ फेब्रुवारी १९९८

ती. हिईलेई मावशीस,
नोएचा सा. न. आणि वर एक कडकडून अलोहा. वि. वि.

पोचले. पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. तुला फोन करून उपयोग नाही. त्या हॉटेलच्या लॉन्ड्रीतल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, आणि तू ऐकू आल्यासारखं दाखवून भलतंच बोलतेस. नोकरी लागली म्हणून सांगायला फोन केला, तर तू म्हणालीस, ओकारी लागली? लिंबू चोख. दवाखान्यातल्या सगळ्यांना मी हे सांगितलं. कुणी फारसं हसलं नाही. इथे माझ्या विनोदाला अजून कुणी हसत नाही.

खोली दुकानाच्या मागे आहे. खिडकीतून समुद्र दिसतो आणि दुकानाचे रिकामे खोके दिसतात. माणसं रस्त्यात भेटली की भुवया उडवून ओळख दाखवतात, पण दारापर्यंत कुणी येत नाही. संध्याकाळी फार शांत असतं. तुझ्याकडे वाळवंटात राहून मला वाटायचं, बेटावर गेलं की एकटेपणा उरणार नाही. असो. नवी आहे, रुळेन.

काम मात्र माझ्या मनासारखं आहे. घरोघर जायचं, साखर तपासायची, जखमा बांधायच्या. आधीच्या नर्सा हाओले होत्या, मुख्य भूमीवरून आलेल्या गोऱ्या. वर्षभर टिकल्या, सूर्यास्ताचे फोटो काढले आणि गेल्या. मी तशी नाही, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. माझं रक्त इथलं आहे, इथे माझा कुलेआना आहे, हक्क आहे, मी पाहुणी म्हणून आलेले नाही. आमच्या मोठ्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या की शेवटी एकदाची आपल्यातली मुलगी मिळाली.

पहिल्याच आठवड्यात पूर्व टोकावर कापेका नावाच्या बाईंकडे गेले. सगळे तिला टूटू, म्हणजे आजीच म्हणतात, नात्यातले नसलेलेसुद्धा. साखर भयंकर, उजव्या अंगठ्याखाली जखम. मुलगा कावेला मासे पकडतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. मला पाहताच टूटूने विचारलं की कुणाची गं तू? मी दवाखान्याचं नाव सांगितलं, कॉलेजचं सांगितलं, पदवीही सांगून टाकली. ती म्हणाली, ते ऐकलं बाई, पण तू कुणाची? मला वाटलं, हिचेही कान तुझ्यासारखेच. मग तेच सगळं ओरडून सांगितलं.

जेवणाची वेळ होती. टेबलावर कंद कुटून केलेल्या पोईचं मोठं भांडं उघडं, भोवती घरचे आणि शेजारचे. मला बस म्हणाले. मी म्हटलं, आधी काम. तिथेच खुर्चीशी गुडघे टेकले, पाय पाहिला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की हा भात, ही पोई, हे बाटलीतलं गोड पाणी सगळं बंद करा, नाहीतर पाय कापावा लागेल. कावेलालाही झापलं, आईचा पाय कुजेपर्यंत तुम्ही काय झोपला होतात? टूटूने भांड्यावर झाकण ठेवलं आणि आत निघून गेली. बाकीचेही उठले. जेवण तसंच राहिलं. शब्द झोंबले असणार, त्याशिवाय का उठली? पण झोंबल्याशिवाय गुण येत नाही, हे तूच मला लहानपणी एरंडेल पाजताना सांगायचीस.

पायाला जप. वारा सुटला की खिडक्या लाव, वाळू येते.
इथली खारी हवा सोडून बाकी सगळं तुझ्यासाठी पाठवावंसं वाटतं. माया आहे ती राहू दे.

तुझी,
नोए


लास वेगास
२४ फेब्रुवारी १९९८

चि. नोएस,
मावशीचे अनेक आशीर्वाद, आणि पत्र पुरं वाचून झाल्यावर कान धरण्याचा अधिकार राखून ठेवला आहे.

तुझं पत्र येऊन पडलं होतं, पण हॉटेलात कसलंसं मोठं अधिवेशन होतं, आम्हाला चादरींतून डोकं वर काढता आलं नाही. आज सुट्टी. पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसले. मग पोईपाशी आले आणि चहा गार झाला.

नोए, भांडं उघडं होतं ना गं? तूच लिहिलं आहेस की उघडं होतं. मी तुला सहाव्या वर्षी इथे आणलं, पाव-लोणी खाऊन वाढवलं, पोई मिळायची ती प्लास्टिकच्या पिशवीतली, आंबून फुगलेली. त्या पिशवीपुढे काय शिकवायचं म्हणून मी शिकवलं नाही. पण आमच्या घरी पोईचं भांडं उघडलं की आवाज आपोआप खाली यायचे. तो कंद आपला थोरला भाऊ. आपल्या आधी जन्मला, आपल्याला पोसतो. तो पंगतीला बसलेला असताना भांडण नाही, आजार नाही, मरण नाही, कुणाची उणीदुणी नाहीत. माझ्या वडिलांना दारात पोलीस आला असता तरी आधी झाकण, मग बोलणं. आणि तू उचललीस जीभ नि लावलीस टाळ्याला. त्या भावासमोर कापेकाचा पाय कापलास, आणि भावालाच खाऊ नका म्हणालीस. टूटूने झाकण ठेवलं ते तुझ्यावर रागावून नाही. त्या थोरल्याच्या कानांवर आणखी काही पडू नये म्हणून.

दुसरं. तू कुणाची हे दोनदा विचारलं, आणि तू दोन्ही वेळा पदवी सांगितलीस. कापेकाला मी ओळखते. माझ्याहून मोठी होती, चर्चमध्ये तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. हिईलेईची भाची, अमक्या खोऱ्यातली, एवढं म्हणाली असतीस तर तिने तुला आधी जेवायला घातलं असतं आणि मग पाय पुढे केला असता. माझं नाव तुझ्या ओठावर का आलं नाही? चादरी धुणाऱ्या बाईचं नाव पदवीशेजारी बरं दिसत नाही, असं काही आहे का? नसेलच. उगाच आपलं मनात आलं ते लिहिलं.

आता ऐक. हात भरलेले ठेवून जा. आणि त्यांनी काही पाठवलं तर दोन्ही हातांनी घे. काय आहे ते बघत बसू नकोस, घे.

इथे थंडी ओसरली. शेजारची म्हातारी गेली, तिच्या खिडकीत आता पडदाही नाही. रविवारी दिवसभर मी कुणाशी बोलले नाही, ते रात्री आवंढा गिळताना कळलं, घसा धरला होता. तू नाताळला येशील तेव्हा बोलू.

वाळवंटात सगळं सुकतं, तुझ्यावरचा जीव सोडून. तो ओलाच आहे, हे ध्यानात ठेवावे.

तुझी,
मावशी


कौनाकाकाई
२६ फेब्रुवारी १९९८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. वाट बघून मीच लिहिते.

टूटू कापेकाकडे तीनदा जाऊन आले. एकदा ती समुद्रावर गेली होती म्हणे, एकदा झोपली होती, आणि काल कावेलाने फक्त मान हलवली. आतून रेडिओचा आवाज येत होता आणि त्याबरोबर कुणीतरी गात होतं. मी दारात उभी. पायताण काढून ठेवलेलं, ते परत घातलं आणि आले.

मधल्या एका दिवशी तो दवाखान्यात आला होता. टी नावाच्या झाडाच्या रुंद पानांत गुंडाळलेले ताजे मासे घेऊन. आईने दिलेत म्हणाला. एवढंच म्हणाला. आता आमच्याकडे कडक नियम आहे, पेशंटकडून काही घ्यायचं नाही. कॉलेजात आम्हाला त्यावर अख्खा धडा होता. मी हसून, अगदी नीट शब्दांत, नियम समजावून सांगितला. तो ऐकत राहिला. मग पुडकं उचललं आणि गेला. मला वाटलं, चला, निदान घरी त्यांनाच खायला होईल.

मी माझ्या परीने सगळं केलं, मावशी. शेवटी मोठ्या बाईंना सांगितलं की पेशंट सहकार्य करत नाही, उपचार नाकारते. त्या म्हणाल्या, मग जागा अडवून ठेवण्यात अर्थ नाही, वाट बघणारे पुष्कळ आहेत. तिच्या घरची फेरी बंद झाली. होनोलुलूच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेण्यासाठी विमानात तिची जागा धरली होती, ती दुसऱ्याला दिली. मी बरोबरच वागले. दुसऱ्याचाही पाय पायच आहे.

तरी बरं वाटत नाही. काल संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर बायका बसल्या होत्या, मी जाऊन बसले. त्या थोडं सरकल्या, हवापाण्याचं बोलल्या आणि एकेक करून उठल्या. मग बाकावर मी एकटी. मी यांच्यातलीच आहे ना? चेहरा आहे, नाव आहे, केस आहेत. अजून काय लागतं?

पत्र पाठव. तिरकं लिहिलंस तरी चालेल. माझ्यावर कुणी रागावलेलंही चालेल आता, फक्त कुणीतरी बोलावं.

तुझ्या मायेची इथे रोज गरज पडते, ती कमी करू नकोस.

नोए


कौनाकाकाई
१९ एप्रिल १९९८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

टूटू कापेकाचा पाय गेला. गुडघ्याखालून.

तुझं पत्र माझं पत्र टाकल्यावर दोन-तीन दिवसांनी हातात पडलं. वाचलं आणि तशीच गाडी काढली. काय न्यावं कळेना, दुकानातली केळी घेतली. पूर्व टोकावर घरोघर केळी लागतात, तिथे केळी घेऊन जाणारी मीच. फाटकाला साखळी होती. मग दवाखान्यात येऊन मोठ्या बाईंना म्हटलं, तिचं नाव परत घाला, नकार तिने दिलाच नव्हता, मी चुकले. त्या म्हणाल्या, घालू, पण आता क्रमाने. तो क्रम यायच्या आत तिला ताप भरला. कावेलाने तिला उचलून ट्रकमध्ये घातलं. होनोलुलूला नेलं तेव्हा घोट्यापर्यंत काळं झालं होतं.

मी बाईंना पुन्हा जाऊन सगळं सांगितलं. पोईचं, माशांचं, सगळं. मला वाटलं ओरडतील, काढून टाकतील, निदान लेखी काही देतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. साखरेचा आजार असाच असतो म्हणाल्या, तू नियमाप्रमाणे वागलीस, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, आठवडाभर रजा घे. मावशी, चूक माझी, पाय तिचा, आणि रजा मला! तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मी कुठे उभी आहे. मी चुकले तर बिल दुसऱ्याच्या दारात जातं. हाओले नर्सांना मी हसत होते. त्यांची खुर्ची आणि माझी खुर्ची एकच आहे, फक्त मी चेहरा दाखवून तिच्यावर बसले.

तू विचारलं होतंस, तुझं नाव का घेतलं नाही. लाज वाटली असं नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला? थोडी वाटली. पदवी मिळवली ती तुझ्या चादरींवर, आणि नेमकी तीच सांगताना तुला मागे ठेवलं. हे लिहिताना रडू येतंय. कागदावर डाग दिसला तर तो समुद्राचा नाही.

मला इथे राहवत नाही. दुकानात गेले की बोलणं थांबतं. कुणी वाईट बोलत नाही, बोलले असते तर बरं झालं असतं. तुझ्याकडच्या हॉस्पिटलांना नर्सा हव्यात, पगारही चांगला आहे. महिनाअखेर येते. जाण्याआधी होनोलुलूला उतरून टूटूची माफी मागेन म्हणजे मन मोकळं होईल. माझी खोली झाडून ठेव. आपण दोघी रविवारी पत्ते खेळू, तू हरशील आणि ऐकू आलं नाही म्हणशील.

येतेच आहे, तोवर माया सांभाळून ठेव.

तुझी,
नोए


लास वेगास
३ मे १९९८

चि. नोएस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस.

हे एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि घरभर फिरून आले. घर काही मोठं नाही, लगेच फिरून होतं. ये, आत्ता ये, असं लिहिलेला एक कागद मी आधी फाडला. तुझी खोली झाडलीही होती. उशीला नवा अभ्रा घातला. मग त्या खोलीत बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि संध्याकाळी लॉन्ड्रीतल्या एका मुलीला खोली राहायला देऊन टाकली. तिला राहायला जागा नव्हती, आणि मला मोह नको होता.

तू आलीस तर मला बरं वाटेल. फार बरं वाटेल. रात्री दुसऱ्या माणसाच्या चपलांचा आवाज ऐकू यावा, माझ्या या कानांनासुद्धा, यासाठी मी काय वाटेल ते देईन. पण कापेका कुठे जाणार? तिच्याकडे मावशी नाही, वाळवंट नाही, पगार नाही. निघून जाता येणं हीसुद्धा श्रीमंतीच, बाळा. ती तुझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही.

पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, इथे माझा कुलेआना आहे. तेव्हाच मला खटकलं होतं. आपल्या लोकांनी हक्क आणि जबाबदारी यांना एकच शब्द केला, तो काय शब्द कमी पडले म्हणून? तू गोड अर्धा खाल्लास आणि दुसरा ताटात ठेवलास. उष्टं टाकून उठायचं नसतं.

माफी मागायलाही जाऊ नकोस. रागावू नकोस, ऐक. पाय कापलेल्या बाईच्या खाटेशी तू रडणार, मग ती तुझे डोळे पुसणार. म्हणजे पुन्हा तिनेच काम करायचं आणि मोकळं तू व्हायचं. मोकळं करणं तिच्या हातात आहे. ते मागून घ्यायचं नसतं.

आता मी विचारते त्याचं उत्तर शोध. तिचा पाय कुठे आहे?

जो कापला तो. माझ्या आजीचं एक बोट उसाच्या कारखान्यात गेलं, तर आजोबा त्या यंत्राखाली चाळणी घेऊन बसले होते. बोट घरी आणलं, पुरलं, आणि मेल्यावर आजीला त्याच जागी ठेवलं. आपली हाडं इकडे तिकडे टाकायची नसतात. कापेका जुन्या वळणाची आहे. पाय गेल्याचं तिला दुःख असेलच, पण तो कुठल्या तरी कचऱ्यात गेला असेल या विचाराने ती झोपत नसेल, हे मी इथे बसून तुला सांगते. ते दवाखाने, ते टेलिफोन, ती भाषा, ते दरवाजे तुला उघडतात. मग उघड. पदवी त्यासाठी आहे.

तुला लाज वाटली ते वाचलं. मलाही तुझ्या कॉलेजच्या समारंभात माझ्या हातांची वाटली होती, खिशात घालून उभी होते. फिट्टंफाट झाली.

नवी मुलगी अंघोळीला तासभर लावते. तुझी सर तिला नाही. जीव तुझ्यातच आहे, तो तिथेच राहील.

तुझी,
मावशी


कौनाकाकाई
१२ जून १९९८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. नंतर उठले.

आधी दवाखान्याचं सांगते. सोमवारी सगळे एकत्र बसतात, तेव्हा सर्वांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, कापेका बाईंनी नकार दिला नव्हता, तो मी त्यांच्या नावावर घातला, जिथे जिथे तसं लिहिलंय तिथून ते काढा आणि माझं नाव घाला. सगळे कॉफीच्या कपात बघत राहिले. मोठ्या बाईंना आवडलं नाही, पण केलं. माशांच्या नियमाचं बघू म्हणाल्या. टूटूकडे आता नवी नर्स जाते. हाओलेच आहे. तिला मी सगळं आधी समजावलं: पायताण, भांडं, झाकण, आणि कुणाची विचारलं तर काय सांगायचं. तिने जाऊन ओहायोतल्या आपल्या कुणा एडना आजीचं नाव सांगितलं. टूटू म्हणे हसली, बस म्हणाली, जेवू घातलं. मला आनंद झाला. पोटात दुखलंही.

आता पायाचं. तू म्हणालीस ते खरं होतं, नव्या नर्सकडून कळलं. ऑपरेशनच्या आधी टूटूने सांगितलं होतं की पाय मला द्या, पण गुंगी चढत होती, ती आपल्या भाषेत बोलली आणि तिथे कुणाला कळलं नाही. कावेलाने होनोलुलूला किती वेळा फोन केला. त्याला प्रत्येक वेळी थांबायला सांगून गाणी ऐकवली. मी फोन केला, नर्स आहे म्हटलं, त्यांचे शब्द वापरले, आणि तिथली बाई लगेच लाइनवर आली. मला काय वाटलं सांगू? दार उघडल्याचा आनंद नाही झाला. इतकं सोपं होतं, याचा राग आला. पाय अजून प्रयोगशाळेच्या थंड खोलीत होता. नेहमीप्रमाणे जाळायला जायचाच होता.

टूटूची संमती लागणार होती. मी तिच्याकडे जाऊ शकत नव्हते, म्हणून चर्चमधल्या अंकल हानालेंकडे गेले. कुटुंबात तंट्याची गाठ बसली की पूर्व टोकावर त्यांनाच बोलावतात. त्यांनी माझं सगळं ऐकलं. तू कुणाची विचारायच्या आधीच मी सांगितलं, हिईलेईची. ते म्हणाले, अगं, ती अजून आहे का? नाचताना सगळ्यांच्या पायांवर पाय द्यायची. हे तुला कळवायलाच हवं होतं.

संमती मिळाली. मी रजा काढून होनोलुलूला गेले. गणवेश घातला नाही. त्यांनी एक पेटी दिली. टीची पानं नेली होती, ती भोवती गुंडाळली. छोटं विमान, त्यात वजनाचा हिशेब. वैमानिक म्हणाला, पेटी मागे सामानात टाका. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं. मग मी आत काय आहे ते सांगितलं. तो इथलाच होता, टोपी काढली आणि मला पुढे बसवलं. सगळा वेळ पेटी माझ्या मांडीवर होती. जड होती, मावशी. माणसाचा पाय इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. इतके पाय बांधले, पण कुणाचा उचलला नव्हता.

अंकल हानालेंनी ट्रकमधून पूर्व टोकाला नेलं. फाटक उघडं होतं, पण मी बाहेरच थांबले. कावेला आला. दोन्ही हात पुढे केले. मी त्याच्या हातांत पेटी दिली. माफीचा शब्द जिभेवर आला होता, तुझी आठवण काढून गिळला.

नवऱ्याच्या थडग्याशेजारी त्याने आधीच खड्डा खणून ठेवला होता. सगळे तिकडे गेले. मला ये म्हटलं नाही. मी फाटकाशी उभी राहून प्रार्थनेचा आवाज ऐकत होते. मग गाणं झालं, आणि एक आवाज सगळ्यांच्या वर गेला. तू सांगितलास तसाच.

परत येताना टूटूची चाकाची खुर्ची ओसरीपाशी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, पण माझ्याशी बोलली नाही. अंकल हानालेंना म्हणाली, त्या मुलीला विचार, विमानात कुठे ठेवला होता? मी पाच पावलांवर उभी, तरी अंकलनी मला वळून विचारलं. मी त्यांना सांगितलं, मांडीवर. त्यांनी तिला सांगितलं, मांडीवर होता म्हणते. ती म्हणाली, सगळा वेळ? त्यांनी मला विचारलं, सगळा वेळ? मी म्हटलं, सगळा वेळ. टूटूने मान डोलावली. मग कावेलाने खुर्ची आत नेली आणि दार लोटलं. लावलं नाही, नुसतं लोटलं.

ट्रकमध्ये अंकल म्हणाले की आधी घरचे मनं साफ करायला, होओपोनोपोनोला बसतील, त्यांच्या आपसातल्या गाठी पुष्कळ आहेत. दार बंद ठेवलं म्हणून पोराचा आईवर राग आहे, वेळेवर उचललं नाही म्हणून आईचा पोरावर. त्या सुटल्या की मग तुझी. कधी, ते टूटू ठरवेल. मी विचारलं, आणि तिने ठरवलंच नाही तर? ते म्हणाले, तर नाही.

बोलावणं अजून आलेलं नाही. दुकानात अजूनही बोलणं थांबतं. संध्याकाळी मी बाकावर बसते. बायका आता उठून जात नाहीत, पण बोलतही नाहीत, आम्ही सगळ्याच समुद्राकडे बघतो. तुझी फार आठवण येते. नवी मुलगी अंघोळीला तासभर लावते ते वाचून मला तिचा हेवा वाटला. इथून विमान रोज सुटतं, तिकिटाचे पैसे माझ्याकडे आहेत, अडवणारं कुणी नाही. म्हणूनच थांबले आहे.

माया करणारी माणसं इकडे सध्या कमी आहेत, तेव्हा तुझी नेहमीपेक्षा थोडी जास्त असावी, ही विनंती.

तुझी,
नोए